बारा कॉलम आणि एक सपाट पडदा: मुंबईच्या हवेचा डेटा ब्रशने वाचताना

मुंबईतल्या कुठल्याही हवा-गुणवत्ता केंद्राची वर्षभराची ताशी फाइल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरून उतरवून घेतली की ८,७६० ओळी हातात पडतात. कॉलम साधारण असे: पीएम २.५ आणि पीएम १० (२.५ आणि १० मायक्रॉनपर्यंतचे हवेतले कण), एनओ, एनओ२, एनओएक्स (नायट्रोजनची ऑक्साइडं), अमोनिया, एसओ२ (सल्फर डायऑक्साइड), कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, बेन्झिन, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा, सौर प्रारण, हवेचा दाब, पाऊस. बहुतेक जण ही फाइल एक्सेलमध्ये उघडतात, पीएम २.५ चा एक लाइन चार्ट काढतात आणि ‘हिवाळ्यात हवा वाईट, पावसाळ्यात चांगली’ असं लिहून मोकळे होतात. तेवढं तर वरळी सी-फेसवर उभं राहूनही कळतं.

खरा प्रश्न पुढचा आहे. हिवाळ्यातल्या सगळ्याच रात्री वाईट नसतात. ज्या असतात त्यांच्यात सारखं काय आहे? वारा पडलेला असतो का, तो कुठून येत असतो, सोबत एनओ२ चढतो की नाही, आर्द्रता किती असते? पाच-सहा कॉलम एकदम बघायला लागतात आणि पडदा तर दोनच मितींचा.

यासाठी जी साधनं आहेत त्यांना सरसकट ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणतात, आणि तिथेच घोळ होतो. बिंदूवर माउस नेला की आकडा दिसतो, चाक फिरवलं की झूम होतं, हे सगळं ठीक आहे, पण त्याने डेटा उलगडत नाही. कामाची गोष्ट एकच: एका चार्टमध्ये चौकट ओढून काही ओळी निवडल्या की त्याच ओळी शेजारच्या सगळ्या चार्टमध्ये त्याच क्षणी उठून दिसल्या पाहिजेत. निवडण्याला ब्रशिंग म्हणतात, जोडणीला लिंकिंग. कुठलंही साधन विकत घेण्याआधी किंवा शिकायला बसण्याआधी एवढीच एक परीक्षा घ्या. ते जमत नसेल तर बाकीची यादी वाचूच नका.

यात नवीन फारसं काही नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डच्या कणत्वरक केंद्रात संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी आणि सहकाऱ्यांनी प्रिम-९ नावाची प्रणाली उभी केली. नऊ कॉलमांपर्यंतचा डेटा पडद्यावर फिरवायचा, त्यातला एक भाग वेगळा काढायचा, बाकीचा झाकायचा. समांतर अक्षांचा आलेख आल्फ्रेड इन्सेलबर्ग यांनी १९८५ मध्ये सविस्तर मांडला, त्याच वर्षी डॅनियल ॲसिमोव्ह यांनी ‘ग्रँड टूर’ मांडली (दोन्ही पुढे येतात), आणि १९८७ मध्ये बेकर आणि क्लीव्हलंड यांचा स्कॅटरप्लॉट (दोन कॉलमांचा बिंदूंचा आलेख, पुढे नुसतं ‘स्कॅटर’) ब्रश करण्यावरचा लेख आला. म्हणजे मुद्द्याच्या कल्पना १९८७ पर्यंत तयार होत्या. त्या काळी त्यासाठी महागडी यंत्रं लागायची, आता साध्या लॅपटॉपवरचा ब्राउझर पुरतो.

आधी फाइल नीट करा

चार्ट काढायच्या आधी या चार ठिकाणी हमखास घसरायला होतं.

पहिलं, वेळ. हवामान खात्याचा दैनिक पाऊस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० असा मोजतात आणि ज्या दिवशी मोजणी संपते त्या तारखेला नोंदवतात. हवेचा दैनिक डेटा मध्यरात्र ते मध्यरात्र असतो. दोन्ही फाइली नुसत्या तारखेवर जोडल्या की काल दुपारी पडलेला पाऊस आजच्या हवेशेजारी जाऊन बसतो. मग ‘पावसाच्या आदल्या दिवशीच हवा स्वच्छ होते’ असला चमत्कार चार्टमध्ये दिसतो. ताशी पाऊस मिळत असेल तर तोच घ्या. नसेल तर हवेचेही दिवस ८:३० ते ८:३० असे नव्याने बांधा. एक तारीख मागे सरकवणं हा अर्धवट उपाय आहे, पण काहीच न करण्यापेक्षा बरा.

उपग्रहाचा किंवा ईआरए-५ (युरोपीय हवामान केंद्राचा ताशी हवामान डेटा) सारखा जागतिक डेटा जोडणार असाल तर तो आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत असतो. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, आणि हा अर्धा तास फार छळतो. पाच तास वाढवले तर सगळं अर्ध्या तासाने चुकतं. साडेपाच वाढवले तर ८:००, ९:०० च्या ओळींना ८:३०, ९:३० च्या ओळी भेटतच नाहीत आणि जोडलेली फाइल रिकामी येते. पोर्टलवरून पंधरा मिनिटांची सरासरी उतरवा आणि तिच्यातून साडे-ते-साडे असे तास बनवा. त्यात शॉर्टकट शोधू नका.

दुसरं, एककं. बहुतेक प्रदूषकं मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये असतात, पण कार्बन मोनॉक्साइड मिलिग्रॅममध्ये आणि एनओएक्स पीपीबीमध्ये (एक अब्जात किती भाग) येतो. तिन्ही एकाच अक्षावर टाकले की कार्बन मोनॉक्साइड शून्याला चिकटलेला दिसतो आणि कोणीतरी ‘सीओची काही समस्या नाही’ असा निष्कर्ष काढतं.

तिसरं, पोटातले कॉलम. एनओएक्स हा एनओ आणि एनओ२ यांच्यापासूनच बनतो. एक्यूआय (हवा गुणवत्ता निर्देशांक) म्हणजे तर एकेका प्रदूषकाच्या उपनिर्देशांकांतला सगळ्यात मोठा आकडा. हे मूळ कॉलमांच्या शेजारी ठेवले की प्रत्येक पद्धत हर्षभराने सांगते, ‘एक्यूआय आणि पीएम २.५ यांचा घट्ट संबंध आहे’. असणारच. असे कॉलम फाइलमध्ये राहू द्या, पण विश्लेषणात घेऊ नका.

चौथं, रिकाम्या जागा, आणि यावर थोडं थांबायला हवं. बहुतेक साधनं एका जरी कॉलममध्ये आकडा नसला तरी ती अख्खी ओळ गुपचूप वगळतात. बारा कॉलम घ्या, प्रत्येकात फक्त ५ टक्के जागा रिकाम्या आणि त्या एकमेकींशी संबंध नसलेल्या. पूर्ण ओळी उरतात ०.९५ चा बारावा घात, म्हणजे ५४ टक्के. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी जेमतेम ४,७३०. निम्मं वर्ष पडद्यावर नाही आणि पडदा तसं सांगतही नाही. प्रत्यक्षात रिकाम्या जागा विखुरलेल्या नसतात. वीज गेली, उपकरण बंद पडलं की सलग दोन-चार दिवसांचा पट्टा जातो, त्यामुळे हिशेब थोडा सुधारतो, पण मग गेलेले दिवस एकाच ऋतूतले असण्याची भीती असते.

उपाय जुना आणि चांगला आहे. रिकाम्या जागी त्या कॉलमच्या किमान आकड्याच्याही खाली, व्याप्तीच्या साधारण १० टक्के अंतरावर एक खोटा आकडा भरा आणि ‘इथे काही नव्हतं’ असा एक हो-नाही कॉलम शेजारी ठेवा. आता रिकाम्या ओळी प्रत्येक चार्टच्या तळाला एका वेगळ्या पट्टीत दिसतात आणि ती पट्टी ब्रश करता येते. ब्रश केली की महिन्यांच्या हिस्टोग्राममध्ये (कुठल्या महिन्यात किती ओळी ते दाखवणाऱ्या स्तंभालेखात) कळतं: बेन्झिन गायब आहे ते जून-जुलैमध्येच, की वर्षभर थोडं थोडं. सरासरी काढताना मात्र हे खोटे आकडे बाजूला ठेवायला विसरू नका.

आणि प्रत्येक ओळीला एक क्रमांक द्या. केंद्राचं नाव आणि वेळ जोडून बनवलेला चालेल. लिंकिंग याच क्रमांकावर चालतं. क्रमांक दोनदा आला की ब्रश भलत्याच ओळी उजळवतो आणि हे लवकर लक्षातही येत नाही.

दिशेचा गुंता

वाऱ्याची दिशा अंशांत असते, ० ते ३६०. ३५९ आणि १ हे शेजारी आहेत, पण स्कॅटरमध्ये ते दोन टोकांना जातात. मुंबईत हिवाळ्यातल्या पहाटे वारा उत्तर-ईशान्येच्या बाजूने येतो, म्हणजे नेमका या शिवणीजवळ. एकच झुबका दोन तुकड्यांत फाटतो आणि क्लस्टर शोधणारी प्रत्येक पद्धत ‘दोन प्रकारचे वारे आहेत’ म्हणून सांगते. सरासरी काढली तर त्याहून वाईट: ३५० आणि १० यांची सरासरी १८०, म्हणजे उत्तरेचा वारा दक्षिणेचा झाला.

वेग आणि दिशा मिळून दोन नवे कॉलम करा: पूर्व-पश्चिम घटक म्हणजे उणे वेग गुणिले दिशेची साइन, उत्तर-दक्षिण घटक म्हणजे उणे वेग गुणिले कोसाइन. उणे चिन्ह यासाठी की हवामानशास्त्रात वारा कुठून येतो ते लिहितात, आणि घटक तो कुठे जातो ते सांगतात. या दोघांचा स्कॅटर काढला की समुद्राकडचा वारा उजव्या अंगाला, जमिनीकडचा डाव्या अंगाला, आणि पडलेला वारा मधोमध असा नकाशाच तयार होतो. ब्रश करायला याच्याइतका सोयीचा चार्ट दुसरा नाही. तासाचंही तसंच: २३ आणि ० शेजारी आहेत. महिन्यांचंही.

प्रत्यक्ष ब्रश

चार चार्ट एका पडद्यावर मांडा. डावीकडे वर पीएम १० आडवा, पीएम २.५ उभा असा स्कॅटर. शेजारी वाऱ्याच्या दोन घटकांचा. खाली आर्द्रता आणि पीएम २.५ चा. चौथ्या जागी दोन लहान हिस्टोग्राम, एक दिवसाच्या तासांचा आणि एक महिन्यांचा.

पहिल्या स्कॅटरमध्ये ४५ अंशांची रेषा टाका. पीएम २.५ हा पीएम १० चाच भाग, त्यामुळे रेषेच्या वर एकही बिंदू असता कामा नये. असतातच. त्यांच्यावर ब्रश ओढा आणि बाकीच्या चार्टकडे बघा. ते सगळे दमट, पावसाळी तासांत, लहान आकड्यांत पडले असतील तर दोन उपकरणांच्या मापनातली नेहमीची चुकामूक समजा. सलग काही दिवसांचे असतील तर एक उपकरण बिघडलं आहे आणि ते दिवस काढूनच टाका. ९८५, ९९९ अशा एकाच आकड्यावर बिंदूंची आडवी रांग दिसली तर उपकरणाने मर्यादा गाठली किंवा बिघाडाचा इशारा दिला, असं समजून तपासा. चार-पाच तास दशांशापर्यंत तोच आकडा येत असेल तर सेन्सर अडकला आहे. ही झाडलोट टेबल वाचून करायला दोन दिवस लागतात, ब्रशने तासाभरात होते.

मग त्याच स्कॅटरमध्ये रेषेच्या बरेच खाली, पीएम १० भरपूर पण पीएम २.५ कमी, अशा बिंदूंवर जा. ही जाड धूळ: रस्ते, बांधकाम, भराव. तासांच्या हिस्टोग्राममध्ये ती दिवसा दिसते की रात्री, हे केंद्रागणिक बदलतं आणि तेच शोधायचं असतं. रेषेच्या जवळचे, वरच्या टोकाचे बिंदू म्हणजे बारीक कण, जळणातून आलेले किंवा हवेत वायूंपासून तयार झालेले. ते ब्रश केले की वाऱ्याच्या नकाशात मधोमध, पडलेल्या वाऱ्यात, गोळा होताना दिसतात.

आता आर्द्रतेचा चार्ट. सगळं वर्ष एकदम बघितलं तर रेषा उतरती: आर्द्रता वाढली की पीएम २.५ कमी. पण हे पावसाळ्याचं कर्तृत्व, वड्याचं तेल वांग्यावर. महिन्यांच्या हिस्टोग्राममध्ये डिसेंबर-जानेवारी ब्रश करा. फक्त तेवढे बिंदू उजळले की रेषा बहुधा उलटी फिरते: रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, आर्द्रता चढते, वर उबदार थर बसतो, वारा पडतो आणि धूर तिथेच कोंडतो. आर्द्रतेने प्रदूषण वाढवलं असं यातून लगेच म्हणू नका. दोन्ही एकाच शांत रात्रीची अपत्यं आहेत. पण जी ‘सहसंबंध’ नावाची एक संख्या अहवालात छापली जाते ती वर्षभरासाठी उणे आणि हिवाळ्यासाठी अधिक असू शकते, हे ब्रश केल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही.

एक खबरदारी. हिस्टोग्रामचे अक्ष आणि खाने कायम ठेवा. दर ब्रशला अक्ष आपोआप नव्याने आखला गेला तर सगळे आकार सारखेच दिसतात आणि तुलना संपते. पार्श्वभूमीला पूर्ण डेटाचा हिस्टोग्राम फिक्या राखाडी रंगात, आणि त्यावर निवडलेल्यांचा गडद. स्कॅटरमध्येही न निवडलेले बिंदू गायब करू नका, राखाडी करा. संदर्भ गेला की निवडलेला झुबका कशाच्या मानाने वेगळा आहे तेच कळत नाही.

समांतर अक्ष

बारा कॉलमांच्या जोड्या होतात ६६. एवढे स्कॅटर एका पडद्यावर टपाल तिकिटाएवढे होतात. आठ कॉलम, २८ जोड्या, हीच माझ्या मते व्यवहार्य मर्यादा. त्यापुढे समांतर अक्षांचा आलेख: प्रत्येक कॉलमला एक उभा अक्ष, प्रत्येक ओळीची सगळ्या अक्षांना छेदत जाणारी एक मोडकी रेषा. शेजारच्या दोन अक्षांत रेषा समांतर गेल्या तर कॉलम सोबत वाढतात, मध्ये फुली पडली तर एक वाढतो तेव्हा दुसरा घटतो. एनओ आणि ओझोन शेजारी ठेवून बघा. ताजा एनओ ओझोनला संपवतो, ओझोन दुपारच्या उन्हात बनतो, त्यामुळे सहसा फुली स्पष्ट दिसते.

हा आलेख फक्त शेजाऱ्यांबद्दल बोलतो. पहिल्या आणि सातव्या अक्षात काय नातं आहे ते यातून वाचता येत नाही. बारा अक्षांत एका वेळी ११ जोड्या शेजारी येतात, म्हणून अक्षांचे सहा योग्य क्रम लावले की सगळ्या ६६ जोड्या एकदा शेजारी येऊन जातात. अक्ष ओढून जागा बदलता येत नसेल तर त्या साधनाचा समांतर आलेख निरुपयोगी समजा. ८,७६० रेषा पूर्ण रंगात काढल्या तर नुसता काळा पट्टा होतो. अपारदर्शकता ०.०२ ते ०.०५ वर आणा.

अक्षाची मोजपट्टी कशी आखायची याला मुंबईपेक्षा चांगलं उदाहरण नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७३ च्या आसपास. (हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे नोंद २७ तारखेची.) पावसाचा अक्ष किमान ते कमाल असा आखला तर २०४.५ मिलिमीटर, जिथून ‘अतिवृष्टी’च्या सगळ्यात वरच्या वर्गाला सुरुवात होते, तो पाऊस अक्षाच्या २२ टक्क्यांखाली बसतो. बाकीचा सगळा मान्सून तळाला चिरडला जातो, एका दिवसापायी. वर्गमूळ घेतलं तर तोच २०४.५ अक्षाच्या ४७ टक्क्यांवर येतो, आणि एक मिळवून लॉग घेतला तर ७८ टक्क्यांवर. पावसासाठी वर्गमूळ बरं पडतं. लॉगमध्ये दोन-पाच मिलिमीटरच्या सरी उगाच मोठ्या दिसतात. तो दिवस डेटातून काढू नका. सांताक्रूझ-कुलाबा स्कॅटरमध्ये तो एकटाच कोपऱ्यात पडलेला असतो आणि एकाच शहरात पाऊस किती वेगळा पडू शकतो हे तोच सांगतो.

एकेका कॉलममध्ये न दिसणारे विक्षिप्त बिंदू वेगळेच. ३४ अंश तापमान मुंबईला नवीन नाही, ९५ टक्के आर्द्रताही नाही, पण दोन्ही एकाच तासात आले तर सेन्सरकडे बघायला हवं. यासाठी प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३६ मध्ये मांडलेलं अंतर वापरा. ते कॉलमांमधलं नातं हिशेबात धरून प्रत्येक ओळ केंद्रापासून किती लांब आहे ते सांगतं. आठ कॉलम असतील तर अंतराचा वर्ग १७.५ च्या वर गेलेल्या ओळी तपासायला घ्या. हे अंतर एक नवा अक्ष म्हणून समांतर आलेखात टाका आणि त्याचं वरचं टोक ब्रश करा. ओळ नेमकी कुठे वाकडी गेली ते रेषेवरूनच दिसतं. त्यात लक्ष्मीपूजनाची रात्र निघाली आणि पीएमसोबत एसओ२ ही उसळलेला असेल तर ती फटाक्यांतल्या गंधकाची करामत असण्याची शक्यता मोठी. ती ओळ खरी आहे, पुसू नका.

साधनं

कोड लिहायचा नसेल तर ऑरेंज. ल्युब्लियाना विद्यापीठात तयार झालेलं, मोफत, डबे ओढून तारांनी जोडायचे. यात नव्यांची एक ठरलेली अडचण होते. पहिल्या स्कॅटरमधून दुसऱ्यात तार ओढली की मूळ मांडणीत फक्त निवडलेल्या ओळी पुढे जातात आणि संदर्भ हरवतो. करायचं असं: फाइलच्या डब्यातून दोन्ही स्कॅटरना ‘डेटा’ची तार द्या. मग पहिल्या स्कॅटरच्या ‘सिलेक्टेड डेटा’पासून दुसऱ्याच्या ‘डेटा सबसेट’पर्यंत आणखी एक तार. आता दुसऱ्यात सगळे बिंदू पोकळ आणि निवडलेले भरीव दिसतात. तारेवर दोनदा क्लिक केलं की कुठलं टोक कुठे जोडलंय ते बदलता येतं. जोडणी एकाच दिशेने चालते, दुसऱ्यात निवडलं तर पहिल्याला कळत नाही, ही मोठी उणीव.

पायथन येत असेल तर अल्टेअर माझ्या पसंतीचं. एक निवड व्याख्या करा, तीच प्रत्येक चार्टला जोडा, रंगाला अट लावा: निवडलेलं असेल तर महिन्याचा रंग, नाहीतर राखाडी. सुरुवातीलाच ते ५,००० ओळींच्या मर्यादेवर अडतं, आणि आपलं ताशी वर्ष ८,७६० चं. मर्यादा उठवायची एक ओळ असते, ती लिहा. एक वर्ष, पंधरा कॉलम ब्राउझर सहज पेलतो. लाखाच्या पुढे ब्रश अडखळायला लागतो, तिथे आधी तासांचे दिवस करा किंवा डेटाशेडर या लाखो बिंदू रंगवणाऱ्या पायथन लायब्ररीकडे वळा. समांतर अक्षांसाठी प्लॉटली: अक्षावर ओढलं की ब्रश, नाव धरून ओढलं की अक्षाची जागा बदलते. रेषेवर माउस नेला तर मात्र काहीच सांगत नाही, त्यामुळे ओळ क्रमांकाचा वेगळा तक्ता लागतो.

पॉवर बीआय बऱ्याच ऑफिसांत आहेच. चार्टवर क्लिक केलं की बाकीचे चार्ट प्रतिसाद देतात, पण गाळायचं की उजळवायचं ते प्रत्येक जोडीसाठी ‘एडिट इंटरॅक्शन्स’मध्ये जाऊन ठरवावं लागतं. त्याचा स्कॅटर मूळ मांडणीत ३,५०० च बिंदू काढतो, वाढवून १०,००० पर्यंत नेता येतात. हे माहीत नसेल तर नमुन्यालाच पूर्ण डेटा समजून बसाल. टॅब्लो पब्लिक मोफत आहे, पण त्यावर चढवलेलं जगाला दिसतं, तेव्हा ऑफिसचा आतला डेटा तिथे नको.

फिरवून बघणं आणि सपाट करणं

आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा वापरणाऱ्यांसाठी टूर-आर पॅकेज आहे, ॲसिमोव्ह यांच्या ग्रँड टूरची आजची आवृत्ती. सहा-आठ कॉलमांचा ढग सावकाश वेगवेगळ्या दिशांनी फिरतो आणि पडद्यावर त्याची दोन मितींतली सावली पडत राहते. कोपऱ्यातलं अक्षांचं वर्तुळ सांगतं की या क्षणी कुठल्या कॉलमचा वाटा किती. आधी प्रत्येक कॉलम एकसारख्या मापात आणा, नाहीतर ज्याचे आकडे मोठे तोच सगळी सावली खाऊन टाकतो. झुबके सुटे दिसले की थांबवा आणि ती दिशा नोंदवून ठेवा. दहाच्या वर कॉलम गेले की नुसतं बघत बसून हाती फार लागत नाही, मग ‘मार्गदर्शित’ टूर घ्या, ती स्वतःच रोचक दिशांकडे सरकते.

अनेक कॉलमांचा डेटा दोन मितींत सपाट करणाऱ्या टी-स्नी आणि यूमॅप या पद्धतींचं सध्या फार कौतुक आहे. सुंदर बेटं दिसतात, पण बेटाचा आकार आणि दोन बेटांमधलं अंतर यांना सहसा अर्थ नसतो. ताशी डेटात तर आणखी एक फसवणूक: लागोपाठचे तास एकमेकांसारखेच असतात, त्यामुळे पडद्यावर गांडुळांसारखे लांब तुकडे येतात आणि ते फक्त ‘हे तास सलग होते’ एवढंच सांगतात. वापरायचंच असेल तर टी-स्नीची पर्प्लेक्सिटी (साधारण किती शेजारी बिंदू धरायचे तो आकडा) ५ ते ५० मध्ये तीन-चार ठिकाणी ठेवून बघा, प्रत्येक वेळी टिकणारी रचनाच खरी धरा, आणि ती मूळ कॉलमांच्या स्कॅटरशी लिंक करा. बेट ब्रश केल्यावर मूळ कॉलमांत काही वेगळं दिसत नसेल तर ते बेट विसरा.

निवड जपून ठेवणं

ब्रश सोडला की निवड गेली. म्हणून प्रत्येक कामाची निवड एका नव्या कॉलममध्ये लिहा: ‘पीएम उलटा’, ‘सेन्सर अडकला’, ‘शांत रात्र’. कारण आणि कुठल्या चार्टवर, कुठल्या मर्यादांत निवडलं तेही. हाताने वेडीवाकडी लासो ओढून केलेली निवड दुसऱ्याला पुन्हा करता येत नाही, चौकटीची करता येते: वेग १ मीटर प्रति सेकंदाखाली, आर्द्रता ८० च्या वर, रात्री १० ते सकाळी ६. एका वर्षावर अशी अट बसवली की ती जशीच्या तशी दुसऱ्या वर्षावर लावून बघा. तिथे ढासळली तर पहिल्या वर्षात योगायोगाने सापडलेली होती.

दुसऱ्यांना दाखवताना एचटीएमएल फाइल पाठवली तर ती बहुतेकदा लोकलमध्ये, फोनवर उघडली जाते. तिथे बोटाने चौकट ओढायला गेलं की पानच सरकतं. फोनसाठी महिना आणि तासाच्या साध्या यादीतून निवडायची सोय द्या, चार चार्टऐवजी दोन एकाखाली एक ठेवा, आणि फाइलच्या नावात डेटाची शेवटची तारीख टाका, कारण व्हॉट्सॲपवर एकाच नावाच्या तीन आवृत्त्या फिरायला वेळ लागत नाही.